नाकाशी उगवलेले झाड : सुबाभळीचा पाच शतकांचा प्रवास

ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात सोळाव्या शतकाच्या मध्यास मेक्सिकोत तयार झालेली एक चित्रपोथी आहे. ‘मेंडोसा चित्रपोथी’ या नावाने ती ओळखली जाते. अॅझ्टेक राज्यकर्त्यांनी कोणती गावे जिंकली आणि कोणत्या प्रांताने किती खंडणी भरावयाची, याचा हिशेब तीत चित्रलिपीने मांडलेला आहे. प्रत्येक गावासाठी एक चिन्ह. त्यांतले एक चिन्ह पाहणाऱ्याला हमखास थांबवते : एका बाजूने दिसणारा माणसाचा चेहरा, त्याचे ठळक नाक, आणि त्या नाकाशी उगवलेले, शेंगांनी लगडलेले झाड.

हे कोडे भाषेने सुटते. अॅझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेत या शेंगांच्या झाडाला ‘वाशिन’ म्हणत आणि नाकाला ‘याकात्ल’. नाक म्हणजे टोकही. ‘वाश्याकाक’ म्हणजे वाशिनच्या झाडांचे टोक, त्या झाडांची राई जिथे सुरू होते ती जागा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस अॅझ्टेकांनी तेथे आपले ठाणे वसवले. पुढे स्पॅनिश आले. त्यांच्या जिभेला हा उच्चार झेपेना, आणि वाश्याकाकचे ‘ओआहाका’ झाले. मेक्सिकोतील एक संपूर्ण राज्य आणि त्याची राजधानी आजही याच नावाने ओळखली जाते. १५२९ साली स्पेनच्या राजाने मेक्सिकोचा विजेता एर्नान कोर्तेस याला सरदारकी दिली तीही ‘ओआहाका खोऱ्याचा मार्केस’ अशी. म्हणजे स्पॅनिश साम्राज्यातील एक बडी पदवी एका शेंगेच्या झाडावरून आली होती.

त्या झाडाच्या कुळातील एक झुडूप महाराष्ट्रातील जवळजवळ प्रत्येकाने पाहिलेले आहे. रेल्वेच्या कडेला, धरणाच्या भिंतीखाली, महाविद्यालयाच्या मागच्या पडीक जागेत, पुण्याच्या टेकड्यांवर ते उभे असते. चिंचेसारखी बारीक पाने, पांढऱ्या गोंड्यासारखी गोल फुले, आणि फुलांनंतर झुपक्याने लोंबणाऱ्या चपट्या शेंगा. वाळल्या की वाऱ्यावर खुळखुळणाऱ्या. त्याचे मराठी नाव सुबाभूळ. शास्त्रीय नाव ल्युसीना ल्युकोसेफाला. ग्रीक भाषेत ‘ल्युकोस’ म्हणजे पांढरा आणि ‘केफाले’ म्हणजे डोके. पांढऱ्या डोक्याची ती ल्युकोसेफाला.

मेक्सिकोत या वंशातील झाडांच्या कोवळ्या शेंगा आणि बिया माणसे खातात. लसणासारखा उग्र वास असलेल्या या बियांना तिथे ‘ग्वाहे’ म्हणतात. हा शब्दही त्या जुन्या वाशिनचाच वंशज. हे खाणे फार जुने आहे. तेवाकान खोऱ्यातील गुहांच्या उत्खननात, मक्याच्या आदिम कणसांसाठी जगप्रसिद्ध झालेल्या त्याच गुहांत, ग्वाहेचेही अवशेष मिळाले आहेत.

स्वतः सुबाभळीचा जन्म कसा झाला, हे मात्र अलीकडे उलगडले. २००७ साली वनस्पतिशास्त्रज्ञ कॉलिन ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकीय पुराव्यांच्या आधारे दाखवले की ही जात दोन वेगळ्या जातींच्या संकरातून उत्पन्न झाली आहे, आणि हा संकर बहुधा माणसांच्या परसात घडला. लोकांनी खाण्यासाठी निरनिराळ्या ठिकाणांहून ग्वाहेची झाडे आणून दारात लावली. रानात ज्यांची गाठ पडली नसती अशा जाती कुंपणाच्या आत शेजारी-शेजारी आल्या आणि परागीकरण होऊन नवे झाड उगवले. आज जगभर ‘रानटी’ म्हणून ज्या झुडपाची संभावना होते त्याचे मूळ असे एखाद्या घराच्या मागच्या अंगणात आहे.

या जन्मकथेतील एक तपशील पुढच्या सर्व इतिहासाला पुरणारा आहे. सुबाभूळ स्वतःच्याच परागावर फळू शकते. एकटे झाडही बी धरते आणि त्या बियांतून जवळजवळ तशीच झाडे उगवतात. मूठभर बी कुणी खिशात घालून समुद्रापार नेले, तरी तेवढ्यावर एक बेट भरून जाऊ शकते. नेमके तेच झाले.

१५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षे स्पॅनिश गलबते मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरातून फिलिपिन्समधील मनिलाकडे जात. जाताना मेक्सिकोची चांदी, परतताना चीनचे रेशीम. या व्यापाराचा इतिहास सहसा चांदी-रेशमाच्या अंगाने सांगितला जातो, पण त्याच गलबतांतून बियांची आणि रोपांचीही अखंड ये-जा चालू होती. आपल्या खेड्यापाड्यांतील पोरे जी विलायती चिंच दगड मारून पाडतात, तीदेखील मूळची अमेरिकेची. इंग्रजीत तिला मनिलाची चिंच म्हणतात, यावरून तिची वाट कळते. सुबाभूळही याच जलमार्गाने आशियात उतरली, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

फिलिपिन्समध्ये तिला ‘इपिल-इपिल’ हे नाव मिळाले. पुढे डच वसाहतींत, आजच्या इंडोनेशियात, ती ‘लाम्तोरो’ झाली आणि कॉफी-कोकोच्या मळ्यांत सावलीसाठी लावली गेली. मळेवाल्यांना तिची दोन कारणांनी गरज होती : तिची विरळ सावली कोवळ्या रोपांना मानवते, आणि शेंगावर्गातील असल्याने तिच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नायट्रोजन जमिनीत आणतात. हवाई बेटांवरच्या लोकांनी तिला ‘कोआ हाओले’ म्हटले, म्हणजे परका कोआ. कोआ हा त्यांचा स्वतःचा मौल्यवान वृक्ष. त्याच्यासारखी दिसणारी पण बाहेरून आलेली ती हाओले. पॅसिफिकमधील ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धाच्या तोफगोळ्यांनी डोंगर उघडे पडले, तेव्हा अमेरिकनांनी मातीची धूप थांबवण्यासाठी विमानांतून हिचे बी फेकले. आज त्या बेटावर ‘टांगनटांगन’ची दाट जाळी दूरवर पसरलेली आढळते.

या सगळ्या प्रवासात एक ठिकाण असे आहे जिथे या झुडपासाठी थेट कायदा झाला. पश्चिम तिमोरमध्ये कुपांग शहराजवळ अमारासी नावाचे एक छोटे संस्थान होते. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या कुरणांत घाणेरी शिरली. होय, आपल्याकडची तीच टणटणी, जिने सह्याद्रीचे उतार व्यापले आहेत. गुरांना चरायला गवत उरेना. तेव्हा १९३० च्या दशकात तिथल्या पारंपरिक सत्तेने नियम घातला की शेत पडीक सोडण्यापूर्वी प्रत्येक शेतकऱ्याने त्यात समपातळीवर लाम्तोरोच्या ओळी लावल्याच पाहिजेत. न लावणाऱ्यास शिक्षा. १९४८ साली हा नियम अधिक कडक झाला. लाम्तोरोने उंच वाढून घाणेरीवर सावली धरली आणि तिला मागे रेटले. पुढे शेतकरी दावणीला बैल बांधून, त्याला लाम्तोरोचा पाला कापून घालून पुष्ट करू लागले आणि विकू लागले. एका उपऱ्या झुडपाने दुसऱ्या उपऱ्या झुडपाला हरवले आणि त्यावर एका प्रदेशाचे अर्थकारण उभे राहिले.

मात्र पाला सर्वत्र असा गुणकारी ठरला नव्हता. सुबाभळीचा पाला भरपूर खाल्लेल्या घोड्यांच्या आयाळीचे आणि शेपटीचे केस गळतात, ही गोष्ट कॅरिबियन बेटांवर पूर्वीपासून माहीत होती. कारण तिच्यातील ‘मिमोसिन’ हे द्रव्य. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात मिमोसिनचे रूपांतर होऊन त्यातून दुसरे एक द्रव्य तयार होते, आणि ते गलग्रंथी बिघडवते. ऑस्ट्रेलियातील गुरे सुबाभळीवर चरून रोडावत होती. तरीही इंडोनेशियातील आणि हवाईतील जनावरे केवळ हाच पाला खाऊन धडधाकट कशी राहतात?

ऑस्ट्रेलियन संशोधक रेमंड जोन्स यांनी तर्क केला की फरक पाल्यात नसून जनावराच्या पोटात असावा. त्यांनी इंडोनेशियातील बकरीच्या पोटातील द्रव ऑस्ट्रेलियातील बकऱ्यांच्या पोटात सोडला आणि त्या बकऱ्यांनाही विष पचू लागले. पुढे हवाईतील बकऱ्यांपासून घेतलेले जिवाणू ऑस्ट्रेलियाच्या गुरांना देण्यात आले. हे १९८० च्या दशकातले संशोधन. विष पचवणाऱ्या त्या जिवाणूला १९९२ साली जोन्स यांच्या गौरवार्थ ‘सिनर्जिस्टीस जोनेसाय’ असे नाव मिळाले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या प्रसंगाशी जरा रेंगाळावे. झाड जहाजातून ऑस्ट्रेलियाला पोहोचले होते. त्याला पचवणारा डोळ्यांना न दिसणारा सोबती पोहोचला नव्हता. वनस्पतींच्या स्थलांतराच्या नोंदी ठेवताना अशा सोबत्यांची नोंद कुणी ठेवत नाही.

आता महाराष्ट्राकडे. झुडपाच्या स्वरूपातली, जेमतेम वाढणारी सुबाभूळ भारतात पूर्वीपासून होती. ती कुंपणाला लावीत. १९६० च्या दशकात हवाई विद्यापीठातील जेम्स ब्रूबेकर यांनी मध्य अमेरिका आणि मेक्सिकोतून उंच वाढणारे वाण गोळा करून त्यांची पारख सुरू केली. ‘के-८’ हे त्यांतले सर्वांत गाजलेले नाव. साधे झुडूप डोक्याच्या थोडे वर जाऊन फांद्यांचा पसारा करी. हा वाण सरळ वृक्षासारखा वाढे, आणि पहिल्या वर्षातच माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंची गाठे. १९७७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने सुबाभळीवर स्वतंत्र अहवाल काढला. चारा, सरपण, लाकूड, खत, धूप रोखणे अशा सगळ्या प्रश्नांवरचे उत्तर म्हणून उष्ण कटिबंधातील देशांपुढे तो ठेवण्यात आला. ‘चमत्कारी झाड’ ही उपाधी याच काळात रूढ झाली.

याच सुमारास उरुळीकांचनमध्ये मणिभाई देसाई चाऱ्याच्या शोधात होते. १९४६ च्या मार्चमध्ये गांधीजी निसर्गोपचाराच्या प्रयोगासाठी पुण्याजवळच्या या गावी आले होते. ते गेले, सुरत जिल्ह्यातून आलेले तरुण मणिभाई आश्रम सांभाळायला मागे राहिले ते कायमचे. १९६७ साली त्यांनी ‘भारतीय अॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन’, म्हणजेच बाएफ, ही संस्था स्थापन केली. देशी गाईंचा जर्सी आणि होल्स्टीन वळूंच्या रेताशी संकर घडवून अधिक दूध देणारी कालवड शेतकऱ्याच्या गोठ्यात आणणे, हे तिचे प्रमुख काम.

संकरित गाय दूध देते, पण तिला खावेही तितकेच लागते. आणि हा काळ १९७२ च्या दुष्काळानंतरचा. त्या दुष्काळात महाराष्ट्राने चाऱ्यावाचून मेलेली जनावरे पाहिली होती, खडी फोडणाऱ्या हातांच्या रांगा पाहिल्या होत्या. रोजगार हमी योजनेचा विस्तार त्याच अनुभवातून झाला. अशा प्रदेशात पाण्यावाचून तग धरणारे, वर्षातून अनेकदा छाटता येणारे, ज्याच्या पाल्यात लसूणघासाच्या तोडीची प्रथिने आहेत असे झाड हाती आले, तर कुणाला हर्ष होणार नाही? मणिभाईंनी हवाईहून उंच वाणाचे बी मिळवले आणि ते शेतकऱ्यांपर्यंत नेले. १९८२ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या फिलिपिन्समध्ये हे झुडूप गलबतातून प्रथम उतरले, त्याच देशात हा पुरस्कार दिला जातो, हा योगायोगही नोंदवण्यासारखा.

नावाचीही एक गंमत आहे. भारतीय कृषी-साहित्यात या झाडासाठी ‘कुबाभूळ’ आणि ‘सुबाभूळ’ अशी दोन्ही नावे आढळतात. ‘कु’ म्हणजे वाईट आणि ‘सु’ म्हणजे चांगली. एकाच झाडाच्या नावापुढे दोन विरुद्ध उपसर्ग लागावेत आणि त्यांतला चांगला टिकावा, यावरून त्या दशकाचा उत्साह लक्षात येतो. गावोगावी सामाजिक वनीकरणाची रोपवाटिका निघाली की तीत सुबाभळीच्या पिशव्या असतच. शाळांच्या आवारांत, कालव्यांच्या काठांवर, गायरानांत ती लावली गेली.

आज त्या लागवडीकडे पाहून नाके मुरडणे सोपे आहे. परंतु त्या निर्णयांचे मूल्यमापन करताना त्यांच्यासमोर असलेले पर्याय विसरता कामा नयेत. सरपणासाठी मैलोन्‌मैल चालणाऱ्या बाईला पाच वर्षांत जळण देणारे झाड हवे होते. वड-पिंपळ तिच्या नातवंडांच्या उपयोगी पडले असते. ज्यांनी सुबाभूळ लावली त्यांनी ती आळसाने लावली नाही. चूक कुठे झाली असेल तर ती एकाच झाडावर सगळा भार टाकण्यात.

त्या चुकीचा हिशेब एका कीटकाने मांडला. ‘हेटेरोप्सिला क्युबाना’ नावाची, पिवळसर, तिळाहून लहान अशी रस शोषणारी कीड. तिचे माहेर मेक्सिको-कॅरिबियनचा टापू. तिथे सुबाभळीच्या वंशातील अनेक जाती एकत्र नांदतात आणि या किडीला खाणारे शत्रूही असतात, त्यामुळे तिचा विशेष उपद्रव नव्हता. १९८४ साली ती हवाईत दिसली. १९८५ मध्ये फिलिपिन्स, १९८६ मध्ये इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलिया, १९८८ मध्ये भारत. गलबताने अडीचशे वर्षांत जेवढा टापू व्यापला होता तो या किडीने चार वर्षांत गाठला.

ती एवढ्या वेगाने का पसरली, याचे उत्तर त्या मूठभर बियांत आहे. आशियाभर पसरलेली झुडुपी सुबाभूळ जवळजवळ एकाच वंशवेलीची होती, आणि नव्या उंच वाणांचा पायाही अरुंदच होता. एक झाड ज्या किडीपुढे हरले, त्या किडीपुढे सगळीच हरली. कोवळे शेंडे काळे पडू लागले, पाने झडू लागली. तिमोरच्या अमारासीत, जिथे कायद्याने हे झुडूप रुजवले होते, तिथे दावणीचे बैल उपाशी राहिले आणि शेतकऱ्यांवर मिळेल त्या भावाला जनावरे विकण्याची वेळ आली. आयर्लंडच्या बटाट्याची आठवण इथे अपरिहार्य आहे. तिथेही अमेरिकेतून आलेले पीक मोजक्या वाणांच्या आधारावर पसरले होते आणि मागाहून त्याच खंडातून रोग आला.

भारतात या किडीचा सामना करण्यासाठी थायलंडहून एक निळसर ढालकिडा आणून सोडण्यात आला. तोही मूळचा अमेरिकेचाच. झाडामागून कीड आली आणि किडीमागून तिला खाणारा आला. चार शतके उशिरा का होईना, परसातली जुनी मंडळी एकेक करून गोळा होत होती. हळूहळू प्रादुर्भाव ओसरला आणि सुबाभूळ तगली. पण ‘चमत्कारी’ हे विशेषण त्यानंतर कुणी फारसे वापरले नाही.

दुसरी तक्रार तिच्या तगण्याचीच आहे. एका शेंगेत वीसच्या आसपास बिया, त्यांवर टणक कवच, आणि मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहण्याची क्षमता. ज्या शेतात दररोज पाला कापला जातो तिथे फुलेच धरत नाहीत, मग बी कुठले? कापणारा हात थांबला की मात्र ती फुलते, फळते आणि पसरते. गुरे कमी झाली, घरोघरी गॅस आला, आणि टेकड्यांवरच्या सुबाभळीला छाटणारे कुणी उरले नाही. जागतिक निसर्ग संवर्धन संघाने प्रसिद्ध केलेल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर आक्रमक जातींच्या यादीत तिचा समावेश आहे. त्याच वेळी आंध्र प्रदेशात कागद कारखान्यांना लागणाऱ्या लगद्यासाठी शेतकरी तिची पद्धतशीर लागवड करतात. एका राज्यात नगदी पीक, दुसऱ्या राज्याच्या टेकडीवर तण.

किडीला दाद न देणारी सुबाभूळ घडवायची तर नवा गुण आणायचा कुठून, हा प्रश्न ब्रूबेकर आणि त्यांच्यानंतरच्या पैदासकारांपुढे उभा राहिला. आशियात तो गुण मिळणे शक्य नव्हते. तिथली सगळी झाडे एकमेकांची सख्खी भावंडे. शेवटी ‘ल्युसीना पॅलिडा’ या दुसऱ्या एका जातीशी संकर करण्यात आला आणि त्यातून कीड सोसणारे वाण तयार झाले. ही पॅलिडा मध्य-दक्षिण मेक्सिकोच्या डोंगरांत वाढते. नाकाशी शेंगांचे झाड उगवलेले ते गाव, ओआहाका, त्याच प्रदेशात आहे. तिथल्या बाजारात ग्वाहेच्या शेंगांच्या जुड्या आजही विकायला येतात.